विणकराचा मेंदू

माझं काम सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे कुठे जेवायचं एवढं सांगायचे पैसे मिळतात?" मिळतात. एक लहानशी कंपनी लोकांच्या परदेशी सहली आखून देते, त्यातली जेवणाची टेबलं माझ्याकडे असतात. फ्रेंच येतं म्हणून फ्रेंच रेस्टॉरंटं सगळी माझ्या गळ्यात. मग ती पॅरिसमधली असोत, मॉन्ट्रियलमधली की टोकियोतली.

शनिवार हा आमचा जोखमीचा वार. फ्रान्समधली मालकच गल्ल्यावर असलेली बरीच चांगली रेस्टॉरंटं रविवारी आणि सोमवारी बंद असतात. शनिवारचं टेबल हुकलं की गोष्ट मंगळवारवर जाते, आणि मंगळवारी प्रवासी त्या शहरात नसतोच. त्या शनिवारी माझी दोन टेबलं होती. फ्रान्समधल्या ल्योंला दोघांचं, कॅनडातल्या मॉन्ट्रियलला चौघांचं. दोन्ही महिनाभर आधी लावलेली, दोन्हींचा लेखी होकार आलेला. त्यामुळे मी निवांत होते.

ल्योंचं टेबल म्हणजे एका मुलानं आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली भेट होती. मुलाचा आग्रह एकच, "तीन स्टारवालंच बघा, पैशांचं मी बघतो." असे फोन मला आठवड्याला येतात. स्टार देणारी मिशलँ ही टायरची कंपनी. १९०० साली तिनं गाईड काढलं ते मोटारवाल्यांसाठी, लोकांनी जास्त फिरावं आणि टायर जास्त झिजावेत म्हणून. स्टार आले १९२६ मध्ये. तीन स्टारचा अर्थ आजही प्रवासाशीच जोडलेला आहे: केवळ या जेवणासाठी प्रवास करावा, इतकं ते चांगलं. ल्योंच्या बाबतीत ते खरंही आहे. युजेनी ब्राझिए या बाईंच्या दोन रेस्टॉरंटांना १९३३ मध्ये एकाच वेळी तीन-तीन स्टार मिळाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पॉल बोक्यूजच्या रेस्टॉरंटनं तीन स्टार १९६५ पासून २०२० पर्यंत टिकवले.

पण फ्रेंच जेवण पहिल्यांदाच जेवणाऱ्या माणसाला तीन स्टारपुढे बसवणं मला पटत नाही. तीन तास, लहान लहान ताटल्या, प्रत्येक ताटलीमागे वेटरचं छोटं भाषण. निम्मे लोक परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतात. मी मुलाला म्हटलं, त्यांना बूशाँमध्ये जाऊ द्या. बूशाँ म्हणजे ल्योंची खास खानावळ: चौकड्यांचं टेबलक्लॉथ, खांद्याला खांदा लागेल अशी टेबलं, वाइन जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत. तो जरा हिरमुसला. स्वस्तातलं काहीतरी गळ्यात मारते आहे असं त्याला वाटलं असावं. शेवटी "बघा, तुम्हाला जास्त कळतं" म्हणाला. या वाक्याची मला नेहमी धास्ती वाटते.

फॉर्ममध्ये काका सगळं खातात, काकू शाकाहारी, अंडं चालतं, असं लिहिलेलं होतं. मी बूशाँला लिहिलं, एक जण 'सां व्हियांद', मांसाशिवाय. उत्तर आलं, काहीच अडचण नाही. इथेच मला थांबून एक मेल आणखी करायला हवा होता. ते मी केलं नाही.

आधी मॉन्ट्रियलबद्दल सांगते, कारण आधी फुटलं ते तिथलं.

माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते, मॉन्ट्रियलला दुपारचे बारा. रेस्टॉरंटच्या मालकाचा फोन. "मादाम, तुमचे चार पाहुणे आले नाहीत. अर्धा तास टेबल धरून ठेवलंय." मी म्हटलं, पाहुणे संध्याकाळी येणार आहेत, मी 'दीने'साठी टेबल सांगितलं होतं. पलीकडे क्षणभर शांतता आणि मग खो खो हसणं. "अहो, दीनेचीच तर वेळ आहे ही. संध्याकाळी आमच्याकडे सुपे असतं."

मी कपाळाला हात लावला. फ्रान्समध्ये सकाळी प्ती देजने, दुपारी देजने, रात्री दीने. क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, सकाळचा नाश्ता म्हणजे देजने, दुपारचं जेवण दीने, रात्रीचं सुपे. बेल्जियममध्ये आणि फ्रेंच बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्येही तसंच. जुनी पद्धत खरं तर त्यांचीच. पॅरिसच्या बड्या लोकांची जेवणं उशिरा उशिरा होत गेली, तशी नावंही दिवसभरात पुढे सरकली. बाकीच्यांनी नावं होती तिथेच ठेवली. हे मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि मेलमध्ये मात्र लिहून बसले होते, 'दीनेसाठी, उघडल्या उघडल्या'. तास-मिनिटं घातलीच नव्हती. उघडल्या उघडल्या, म्हणजे त्यांच्या लेखी सकाळी साडेअकरा.

संध्याकाळ भरलेली होती. पाहुणे तेव्हा माँ-रोयालच्या टेकडीवर फोटो काढत होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अर्धा तास अजीजी केली. शेवटी मालक म्हणाला, नऊनंतर एक टेबल मोकळं होईल, पण गोड पदार्थ शिल्लक असेल याची हमी नाही. पाहुण्यांना मी "वेळ नऊची झाली आहे" एवढंच कळवलं. खरं कारण सांगितलं नाही. धीर झाला नाही, हे आता कबूल करते.

शब्दांचा हा घोळ दर शहरात नवा असतो. 'आंत्रे' घ्या. फ्रान्समध्ये सुरुवातीची छोटी डिश, न्यूयॉर्कमध्ये तोच शब्द मुख्य पदार्थासाठी. पॅरिसहून न्यूयॉर्कला गेलेले एक गृहस्थ तिथल्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये दोन आंत्रे मागवून बसले आणि मला फोटो पाठवला: समोर दोन अख्खी जेवणं. बिलाचंही तेच. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, वर चार नाणी ठेवली तर ती खुशीची. मॉन्ट्रियलला कर बिलात वेगळे लागतात आणि साधारण १५ टक्के टिप अपेक्षित असते. तिथे फ्रान्ससारखी चार नाणी ठेवून उठणारा माणूस वेटरला उद्धट वाटतो.

मॉन्ट्रियल निस्तरून चहा केला. घोट घेते तोच ल्योंचा फोन. तिथे रात्रीचे पावणेआठ.

काकूंचा आवाज दबलेला, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये असा. "अगं, हे कुठे पाठवलंयस आम्हाला? यादीत मेंदू आहे. विणकराचा मेंदू! फोननं भाषांतर करून दाखवलं, दोनदा केलं, तेच येतंय."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला, कारण मेंदूची मला काळजी नव्हती, बाकीच्या यादीची होती. विचारलं, "तुम्ही काय मागवलंत?"

"सॅलड सांगितलं. आणि ती मुलगी म्हणाली, तुमच्यासाठी कनेल आहेत, मांस नाही त्यात."

कनेल म्हणजे मऊ लांबट गोळे. त्यांत मांस नव्हतं हे खरं, पण ल्योंची प्रसिद्ध कनेल ब्रोशेची असते, म्हणजे पाईक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाची. वर नांत्युआ सॉस, तो गोड्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या क्रेफिशचा. आणि ल्योंचं सॅलड म्हणजे पाल्यावर गरम पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं आणि लार्दों, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तळलेले तुकडे. तुकडे काढून टाकून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी लार्दों तळलेल्या तव्यातच व्हिनेगर ओतून ती गरम चरबी पाल्यावर घालतात. कांद्याच्या सूपमध्ये बीफचा अर्क, मसुराच्या सॅलडमध्ये सॉसेज. बूशाँमधल्या माणसानं मला फसवलं नव्हतं. मी 'मांसाशिवाय' म्हटलं, त्यानं मांसाशिवाय दिलं. मासा त्याच्या हिशोबात मांसात येत नाही.

"काकू, काहीही खाल्लं नाही ना अजून?"

"पाव खाल्ला नुसता. आणि यांनी काय मागवलंय कुणास ठाऊक, वासानं मला बसवत नाहीये."

काकांनी आन्दुयेत मागवली होती. डुकराच्या आतड्यांचं सॉसेज, आणि वास लपवायचा कुठलाही प्रयत्न नाही. तिचे चाहते इतके कट्टर की त्यांची एक संघटना आहे आणि ती चांगल्या आन्दुयेतला पाच 'ए' अशी खूण देते. काकांना वेटरनं ते पाच ए दाखवले, आणि काकांना वाटलं, परीक्षेत पहिला आलेला पदार्थ आहे.

मी म्हटलं, फोन त्या मुलीकडे द्या. मागे भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. तिला सगळं सांगितलं: मांस नाही, मासा नाही, क्रेफिश नाही, मांसाचा अर्क नाही, चरबीही नाही, अंडं, दूध, लोणी चालेल. ती म्हणाली, "अच्छा, असं होय. मग हे आधी का नाही सांगितलंत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती आत जाऊन आली. साधी कनेलही असते, रवा, लोणी आणि अंड्याची, पण त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हती. गरातँ दोफिन्वा होतं: बटाट्याच्या चकत्या, दूध, साय, लसूण. सॅलडवर साधं तेल-व्हिनेगर, वेगळ्या भांड्यात कालवून. "आणि सेर्वेल द कान्यू," ती म्हणाली, "ती तर त्यांनी खायलाच हवी."

तोच तो मेंदू. मी काकूंना समजावलं. कान्यू म्हणजे ल्योंचे रेशीम विणकर. क्र्वा-रूसच्या टेकडीवर उंच छताच्या घरांत त्यांचे माग असायचे. हलाखी एवढी की १८३१ मध्ये त्यांनी बंड केलं होतं. हा पदार्थ म्हणजे नुसतं ताजं, दह्यासारखं मऊ चीज, त्यात बारीक चिरलेले शॅलट कांदे, चाइव्हची पात, लसूण, मीठ-मिरी, तेल आणि थोडं व्हिनेगर घालून घोटलेलं. त्याला क्लाकरे असंही एक नाव आहे. मांस परवडत नाही त्याच्या ताटातला हा मेंदू, असं कुणीतरी कधीतरी थट्टेनं म्हटलं असावं, आणि थट्टा चिकटली. सगळ्या यादीत बेधडक खाता येण्यासारखा पदार्थ हाच होता, आणि नाव त्याचंच सगळ्यांत भयंकर.

तरी मी एक गोष्ट विचारली, कारण आता कुठलीच गोष्ट गृहीत धरायची हिंमत नव्हती. फ्रान्समधली पुष्कळ चीजं वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट वापरून लावतात, ते चालेल का? काकू म्हणाल्या, "चीज मी खाते. पुढचं मला सांगू नकोस."

मुलाचाही फोन आलाच. वडिलांनी त्याला ताटाचा फोटो पाठवला होता. "ताई, तीन स्टारमध्ये असं झालं नसतं," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तिथे पथ्यपाणी आधी विचारतात आणि स्वयंपाकघर त्याप्रमाणे बेत आखतं. पॅरिसच्या लारपेज रेस्टॉरंटमध्ये तर शेफ आलँ पासार यांनी २००१ मध्येच लाल मांस बंद करून भाज्यांना मधोमध आणलं, आणि २०२५ मध्ये मध वगळता जवळजवळ सगळं प्राणिजन्य काढून टाकलं. पण काका-काकू पॅरिसला नव्हते. चूक बूशाँची नव्हती की स्टार नसण्याची, चूक माझ्या मेलमधल्या दोन शब्दांची होती. हे त्याला सांगितलं. मॉन्ट्रियलवाल्यांपेक्षा इथे धीर जास्त झाला. तो "ठीक आहे" म्हणाला, ठीक नसताना म्हणतात तसं.

नंतर तासभर फोन वाजला नाही. मी तेवढ्यात माझा मेलचा जुना मसुदा उघडला. 'मांसाशिवाय' काढलं आणि तिथे पाच ओळींची यादी घातली, मासा, अर्क, चरबी धरून. 'दीने' ठेवलं, पण त्यापुढे १९:३० घातलं. अगदी बेल्जियमसाठीसुद्धा. पुढच्या आठवड्यात नीसचं एक टेबल होतं, सगळेच शाकाहारी, तिथला हरभऱ्याच्या पिठाचा सोक्का निर्धास्त सांगता येतो म्हणून मी खूश होते. त्या मेलमध्येही पाचही ओळी घातल्या. नीसचा माणूस मला वेडी समजला असेल.

मॉन्ट्रियलचा निरोप आला तो दुसऱ्या दिवशी: जेवण उत्तम, गोड संपलेलं, मालक फार हसरा, आम्हाला बघून का हसत होता ते मात्र कळलं नाही.

काकूंचा निरोप त्याच रात्री आला होता. आधी फोटो: पांढरा रिकामा वाडगा, पावानं पुसून घेतलेला. शेजारी गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा टार्ट, एक घास खाल्लेला. खाली दोन ओळी.

"मेंदू संपवला. यांचं पहिल्या नंबरचं सॉसेज अर्धं ताटातच आहे, आणि आता माझ्या टार्टवर नजर आहे."