60 आणि 40 ची सरासरी 50 का येत नाही?

जाताना ताशी 60 किमी, त्याच रस्त्याने येताना ताशी 40 किमी. सरासरी चाल किती? बहुतेक जण 50 लिहून मोकळे होतात. उत्तर आहे 48.

एका बाजूचं अंतर 120 किमी धरा. जायला 2 तास, यायला 3. एकूण अंतर 240, एकूण वेळ 5 तास, भागाकार 48. दुसरं कुठलंही अंतर धरा, उत्तर तेच येईल. कमी चालीत गाडी जास्त वेळ असते, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते. दोन्ही चालींनी सारखाच वेळ गेला असता, तर 50 बरोबर ठरलं असतं.

आता जरा खवचट गणित. पहिला किलोमीटर ताशी 30 ने कापला. दोन किलोमीटरची सरासरी 60 हवी, तर दुसरा किती चालीने कापावा? 90 म्हणाल तर फसलात. ताशी 60 ने दोन किलोमीटरला 2 मिनिटं लागतात, आणि ती पहिल्याच किलोमीटरला संपली! आता कितीही पळवा, 60 गाठता येणार नाही.

वेगाचं गणित वेगळं. तिथे अंतराऐवजी विस्थापन घ्यायचं, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सरळ रेषा, दिशेसकट. 70 मीटर त्रिज्येच्या गोल ट्रॅकवर अर्धी फेरी 40 सेकंदांत झाली. अंतर πr, म्हणजे 220 मीटर (π = 22/7); विस्थापन मात्र व्यासाइतकं, 140 मीटर. सरासरी चाल 5.5 मी/से, सरासरी वेग 3.5 मी/से. फेरी पूर्ण झाली की विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. धावणारा घामाघूम झाला असला तरी! वेगाचा आकडा चालीपेक्षा मोठा आला, तर कुठेतरी चुकलंय हे नक्की. आणि दिशा लिहिली नाही, तर उत्तर अर्धवटच.

खरे मार्क जातात ते वेळ मांडताना. 1 तास 20 मिनिटं म्हणजे 1.20 तास नव्हे. 80/60, साधारण 1.33 तास. वाटेतला थांबाही एकूण वेळेत धरायचा. किमी/तासाचे मी/से करताना 5/18 ने गुणा. 18/5 ने गुणलं तर ताशी 36 किमीचे 10 मी/से व्हायच्या ऐवजी 129.6 होतात, आणि तेवढ्या चालीने सायकल धावत नाही.

सरासरी वेगाचं (u+v)/2 हे सूत्र (u सुरुवातीचा वेग, v शेवटचा) फक्त त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, एकसमान असेल तेव्हाच वापरा.