दगडाखालचं बिऱ्हाड

नागपूरकराची पाण्यातल्या किड्यांशी ओळख कूलरपुरती. टाकी चार दिवस उपसली नाही की डासांच्या अळ्या वळवळतात, मग थेंबभर रॉकेल, विषय संपला.

जानेवारीत पारशिवनीकडे पेंचच्या पात्रात पाय सोडून बसलो होतो. भाच्यानं एक गोटा उलटा केला. "मामा, हे पाह्य नं, दगडाले काय चिकटलं!"

नखाएवढा किडा, लाटण्याखालून निघाल्यासारखा चपटा. मागे केसासारख्या तीन शेपट्या. बोट लावलं तर गडी खेकड्यासारखा आडवा सरकला. हे मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याचं पाण्यात वाढणारं पिल्लू. नावातला मे विलायतेचा. आमच्या मे महिन्यात कूलरसमोरून कोण उठतंय!

धार इतकी की काठावरची माझी चप्पल दोनदा निसटता निसटता राहिली, आणि हा आरामात. दगडाला लगटून जाणारं पाणी घर्षणानं मंदावतं. तो थर कागदासारखा पातळ, म्हणून हाही तसाच. डोळे डोक्यावर, तोंड खाली. शेवाळ खरवडता खरवडता वरचं लक्ष सुटत नाही. प्रत्येक पायाला एकच नखी, पण पकड अशी की विचारू नका.

मला भारी वाटले ते त्याचे कल्ले. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे. तळ्यात राहणारे याचे भाऊबंद ते सारखे हलवत राहतात, आपला पंखा आपणच ओढायचा. धारेतल्या काही जातींना मात्र कल्ले हलवताच येत नाहीत. ऑक्सिजन आणून द्यायचं काम नदीचं. वाहणं थांबलं की यांचा जीव घुसमटतो. गढूळ, घाण पाण्यातून तर बहुतेक जाती आधीच बिऱ्हाड हलवतात. लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली आमची नाग नदी शहरातून जाते तिथला दगड उलटायचं मी भाच्याला सुचवलं नाही.

"एका दिवसाचा जीव" म्हणून सगळे याला हळहळतात. पाण्याखाली काढलेले महिने कोणी मोजत नाही. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक हा एकच. तेव्हा खाणंपिणं बंद, पोटात नुसती हवा. माद्या बऱ्याचदा धारेच्या उलट उडत वर जाऊन अंडी घालतात. पिल्लं थोडीफार खाली वाहून येणार, हे धरूनच. कधी चकाकणाऱ्या डांबरी रस्त्यालाच नदी समजतात बिचाऱ्या.

हे सगळं सांगेपर्यंत भाच्यानं गोटा परत ठेवला होता, पण उताणा. मी उठून तो पालथा केला. मागे वळलो तर एकच चप्पल.