दावीद अम्नोनला काहीच का बोलला नाही

रविवार रात्र, इंदूर

चर्चमध्ये पापाच्या परिणामांचा विषय निघाला की बायबलमधलं रोमकरांस ६:२३ हे वचन येतंच, पापाचे वेतन मरण आहे. ते खरंच आहे, पण ते ऐकताना आपल्या डोळ्यासमोर एकदम शेवटचा दिवस येतो, न्याय वगैरे, आणि मधल्या तीस-चाळीस वर्षांत घरात काय काय होत जातं ते राहूनच जातं. म्हणून आज दुपारी मी बायबलमधलं २ शमुवेल, दावीद राजाची गोष्ट असलेलं पुस्तक, काढून बसले. आमची उपासना हिंदीत असते पण घरात वाचायचं ते मराठी बायबल, आजोबा नगरहून आले तेव्हापासून हेच चालत आलंय.

११ वा अध्याय सगळ्यांना माहीत असतो. दावीद गच्चीवरून बथशेबाला बघतो, आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको असूनही तिला बोलावून घेतो, मग उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारा असं पत्र, आणि ते पत्र नेणारा उरीयाच. १२ व्या अध्यायात नाथान संदेष्टा येतो, गरीबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, दावीद कबूल करतो, आणि नाथान लगेच सांगतो की देवाने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. लगेच! काही अट नाही, थोडे दिवस बघू असंही नाही. पण तलवार तुझ्या घराला सोडणार नाही हे त्याच भेटीत सांगितलेलं आहे, तेही मागे घेतलेलं नाही. क्षमा झाली आणि परिणामही राहिले, दोन्ही एकाच दिवशी.

मी थांबले ती १३ व्या अध्यायावर. दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, जबरदस्ती करतो, मग तिलाच घराबाहेर काढून दार लावून घेतो. दाविदाला कळतं. २१ व्या वचनात आहे की त्याला फार राग आला. बस, पुढे काहीच नाही. ना शिक्षा, ना जाब, ना तामारला जवळ घेणं. ती आपली भावाच्या, अबशालोमच्या, घरी उदास होऊन राहते, आणि तो दोन वर्षं मनात ठेवून शेवटी मेंढ्यांच्या लोकर कातरणीच्या जेवणात आपल्या चाकरांकडून अम्नोनला मारवतो.

राजा का नाही बोलला? बायबल सांगत नाही, पण मला वाटतं तो कुठल्या तोंडाने बोलणार होता. परक्याची बायको बोलावून घेतलेली, तिच्या नवऱ्याला मारवलेलं, आणि हे सगळं घरच्या पोरांना माहीत. पापाने आधी त्याचं तोंड बंद केलं आणि त्या गप्प बसण्यातून पुढचं सगळं वाढत गेलं.

हे मला इतकं लागलं कारण आमच्या काकांचं अगदी असंच आहे. काकांनी कितीतरी वर्षं दारू प्यायली, मग प्रभूकडे आले, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता सिरोसिस आहे. लिव्हरवर जे वण पडलेत ते दारू सोडली म्हणून जात नाहीत, सोडल्याने फक्त पुढचं नुकसान थांबतं, डॉक्टरांनी हे नीट समजावलंय. पायावर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो. मीठ जवळजवळ बंद, इंदूरचा माणूस आणि पोह्यांवर शेव नाही! पण काकांना त्याचं काही नाही. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाबद्दल, आमच्या दादाबद्दल, मला म्हणाले, "अगं, लिव्हरचं मी सोसीन, पण दादा रात्री पिऊन येतो आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करतो. काय बोलू त्याला? तो म्हणेल, तुम्हीच तर शिकवलंत."

आणि काकू. तिने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, तरी बांगड्या तिच्याच गेल्या, फॉल-पिकोची कामं करून मुलाची फी तिनेच भरली. पापाची किंमत पाप करणाराच भरतो असं जे लोक म्हणतात त्यांनी एकदा उरीयाकडे बघावं, त्याने काय केलं होतं? त्यामुळे कुणी आजारी पडलं की "काहीतरी पाप असेल" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. यरुशलेमेत बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हा येशूने स्पष्ट सांगितलं की ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातल्या जन्मांध माणसाबद्दलही त्याने शिष्यांना हेच सांगितलं, ना याचं पाप ना आईबापाचं. पापातून दुःख येतं हे खरं, पण दुःख दिसलं की मागे जाऊन त्या माणसाचं पाप शोधायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

संध्याकाळी काकांकडे गेले आणि स्तोत्र ५१ वाचून दाखवलं, नाथान येऊन गेल्यानंतरचं ते. सगळे "शुद्ध हृदय उत्पन्न कर" इथे थांबतात, मी पुढे वाचत गेले, कारण पुढे दावीद म्हणतो की मग मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन, आणि दोन वचनांनंतर मागतो की प्रभू, माझे ओठ उघड. म्हणजे क्षमा मिळालेल्या माणसाने बोलायचं आहे, मोठेपणाने नाही, मी यातून गेलोय म्हणून. दाविदाने हे मागितलं खरं, पण अम्नोनसमोर ते ओठ उघडले नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. काकांना मी तेच म्हटलं, की तुम्ही वडील म्हणून ओरडू नका, पण तुमचे पाय दाखवा त्याला, रिपोर्ट दाखवा, माझं चुकलं म्हणा, बोला पण.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग काकूला विचारलं, तो सकाळी किती वाजता उठतो. उद्या बोलणार म्हणाले, तो शुद्धीत असताना. मंगळवारी त्यांची एन्डोस्कोपी आहे, त्याआधी हे व्हावं असं त्यांना वाटतंय. जे वाचताय त्यांनी दोघांसाठी प्रार्थना करा, आणि काकूसाठी वेगळी करा, तिचं नाव नेहमी शेवटी येतं.