बीट्रिक्स पॉटरची बिनसशाची चित्रं

मुलांची पुस्तकं लिहिणारी आणि त्यातली चित्रंही स्वतःच काढणारी इंग्लिश लेखिका बीट्रिक्स पॉटर म्हटलं की सगळ्यांना निळं जॅकेट घातलेला तिचा ससा, पीटर रॅबिट, आठवतो, पण मला तिची लॅण्डस्केप्स त्याहून जास्त आवडतात, ज्यात ससा नाही, खार नाही, कोणीच नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले डोंगर, तळी आणि शेतांमधले दगडी गडगे, एवढंच.

विशेषतः एस्थवेट वॉटर या तळ्याची जलरंगातली चित्रं बघा. पातळ वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला रंगाचा थर, खालची पेन्सिल तशीच दिसतेय, लांबचे डोंगर राखाडी-निळे. हिरवा रंग तर किती जपून वापरलाय! आपण लॅण्डस्केप करायला बसलो की पहिला हात हिरव्या ट्यूबकडे जातो, आणि ही बाई ओलसर थंड हवा दोन-तीन मळकट रंगांत दाखवते.

या जागा तिने मनाने रचलेल्या नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1903 च्या उन्हाळ्यात ती तिथल्याच डर्वेंटवॉटर या तळ्याच्या काठी फॉ पार्क नावाच्या घरी राहिली होती, तिथल्या बागेची स्केचेस केली आणि 1904 मध्ये बेंजामिन बनी या सशाचं तिचं पुस्तक आलं त्यात मागे तीच बाग आहे. तिच्याच नटकिन खारीच्या गोष्टीतलं घुबडाचं बेट म्हणजे याच तळ्यातलं सेंट हर्बर्ट्स आयलंड. म्हणजे जागा खरी, तिथे जाऊन डोळ्यांनी बघितलेली, आणि प्राणी तिथे राहायला आलेले, म्हणूनच खारी शेपटीचं शीड करून तराफ्यावरून निघाल्या तरी आपल्याला ते पटतं. नुसती गोड चित्रं म्हणून तिला बाजूला सारणाऱ्यांशी मी कायम भांडते ते याच्यासाठी.

आणि हे प्रेम कागदापुरतं नव्हतं हो. 1905 मध्ये तिने निअर सॉरी गावात हिल टॉप हे शेत घेतलं, पुढे पुस्तकांच्या पैशातून अजून जमिनी घेत गेली, तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळल्या, आणि 1943 मध्ये गेली तेव्हा 4000 एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन गेली. त्यामुळे त्या चित्रांमधलं बरंचसं आजही शेतीखाली आहे, तिथे मेंढ्या चरतात.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे तिच्या कामाचा मोठा संग्रह आहे, त्यांच्या साइटवर बरंच बघायला मिळतं. जलरंग शिकत असाल तर आधी तिची आभाळं बघा.