बॅरलच्या तळाशी

सोमवार, रात्री

आज पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी. नवीन भरण्याआधी मागचं बॅरल ओतलं, तर तळाच्या बुळबुळीत थरात बारीक अळ्या वळवळत होत्या. वर पाणी कसं स्वच्छ दिसत होतं! काथ्यानं घासता घासता हात थांबला. काल महिलांच्या प्रार्थनासभेत मी दिलेला संदेशही असाच साठवणीतला होता.

खरं तेच लिहिते. गेले तीन आठवडे मी पवित्र शास्त्र स्वतःसाठी उघडलेलंच नाही. पोरांच्या शाळेची तयारी, सासूबाईंचा गुडघा, दिवस कुठं जातो कळत नाही. काल ऐनवेळी कपाटातली जुनी वही काढली आणि बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायावरचा संदेश जसाच्या तसा दिला. वेल आणि फांद्या. एक मावशी रडल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, देवच बोलला गं माझ्याशी." बोललाच असेल. माझ्या आत मात्र काही हललं नाही. फांदी वेलीत राहिली तरच फळ देते, हे मी वीस मिनिटं समजावत होते, आणि स्वतः वाळत चालले होते.

बॅरल पालथं घातलं आणि पायरीवर बसून बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचला. मिसर (इजिप्त) सोडून रानात आलेल्या इस्राएली लोकांना देव आभाळातून मान्ना नावाचं अन्न द्यायचा. तो रोज पहाटे गोळा करायचा, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप. ऊन चढलं की तो वितळायचा. काहींनी सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले. लहानपणी मला ती हाव वाटायची. आज वाटलं, बिचाऱ्यांना धास्ती असेल, उद्या मिळेल का याची. आणि सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी, नासला नाही, कारण तो देवानं सांगितलं म्हणून ठेवला होता. माझी वही वाईट नाही. वही आहे म्हणून मी त्याच्याकडे जायचं सोडलं, ते वाईट.

पंडिता रमाबाईंची आठवण झाली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना आठ वर्षांनी उमगलं. केवढी विद्वान बाई! पुढं सगळं शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणलं त्यांनी. एवढ्या विद्येनंही त्यांची भूक भागली नव्हती.

खानापूरकडे माहेरी बाबा धूळवाफ पेरणी करायचे. मे महिन्याच्या फुफाट्यात कोरड्या मातीत भात टाकायचे. त्या शेताला विहीर नव्हती. पेरून आले की ओसरीवर गुडघे टेकायचे, मग पश्चिमेकडे बघत बसायचे. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे त्यांना सांगतो, मिसरात तुम्ही पायानं पाणी देऊन शेत भिजवत होता, पुढचा देश आभाळाचं पाणी पिणारा आहे. तो देवानं वचन दिलेला देश, आणि तिथं पाटाचं पाणी नाही! बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याजवळ वह्या आहेत, टाचणं आहेत, आणि मला पश्चिमेकडे बघायची सवयच राहिली नाही.

झोपण्यापूर्वी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथं अडखळले. 'आज' हा शब्द इतकी वर्षं नुसता म्हणत आले होते.

उद्या नळाला पाणी नाही. साडेचारचा गजर तसाच ठेवला आहे.