पुदिना, दालचिनी आणि झारा

"पुदिन्यात दालचिनी कोण घालतं गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. अण्णांच्या कॉम्प्युटरसमोर बसून मी स्क्रीनवरचं नाव जरा मोठ्याने वाचलं होतं, एवढंच. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची फुकट प्रणाली, आणि सिनॅमन हे तिचं एक रूप. पुढे आवृत्तीचं नाव होतं झारा. ते ऐकल्यावर मात्र ती हात पुसत बाहेरच आली.

मिंटवाल्यांची रीतच तशी आहे. दर आवृत्तीला बाईचं नाव, शेवटी आकार, आणि इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे पुढे पुढे जायचं. २००६ साली 'एडा'पासून सुरुवात केली, २०२४ मध्ये 'विल्मा' झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आली ती झारा. तिकडे कुणाची तरी लेक असेल. आमच्याकडे तिने पुऱ्या तळतात.

हा सगळा खटाटोप अण्णांच्या कॉम्प्युटरसाठी. २०१५ साली साताऱ्यातल्या एका दुकानात जुळवून घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-३, चार जीबी रॅम. विंडोज १० ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. वर्षभराची वाढीव सोय होती, पण वर्षाने पुन्हा हेच. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात हवी. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. ते म्हणाले, "कालवा शाबूत आहे ना? मग दार तेवढं बदल."

दार बदलायचं ठरलं, पण कोणतं? इथे माझे पंधरा दिवस गेले. ऑफिसात विचारलं तर एक म्हणाला डेबियन, दुसरा फेडोरा, सगळी लिनक्सचीच रूपं. तिसऱ्याने आर्चचं नाव घेतलं आणि पुढचा अर्धा तास मला जेवू दिलं नाही. मिसळ कुठली चांगली असं विचारावं आणि ज्याने त्याने आपल्या गावचं नाव सांगावं, तसलाच प्रकार. मटकी सगळ्यांची एकच, लिनुस टोरवाल्ड्‌सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकता शिकता लिहायला घेतलेलं लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. रस्सा, फरसाण, पाव की ब्रेड, एवढ्यावर सगळी भांडणं. अण्णांनी मध्येच सी-डॅक या सरकारी संस्थेच्या 'बॉस' लिनक्सबद्दल कुठेतरी वाचलं. "सरकारी आहे? मग तेच घाल." सरकारी नोकराची निष्ठा मी समजू शकते. पण रात्री दहाला काही अडलं तर उत्तर शोधायचं मला, आणि उबुंटू-मिंट या लिनक्सांवर लोक इतकी वर्षं अडत आलेत की आपल्या आधी कुणीतरी तिथे ठेचकाळलेलं असतंच.

उबुंटूशी माझी जुनी ओळख. २००६ साली मी हॉस्टेलवर होते. तेव्हा उबुंटूच्या सीडी मागितल्या की पोस्टाने फुकट घरी यायच्या, पोस्टाचा खर्चही त्यांचाच. आम्ही दहा मागवल्या. आल्या त्या दिवशी मेसमध्ये एक बांगडा जास्त मिळाल्यासारखा आनंद झाला होता. मग मी मोठ्या रुबाबात माझ्या रूममेटच्या कॉम्प्युटरवर ती चढवायला बसले आणि एका चुकीच्या 'पुढे'वर तिची सबंध डी ड्राइव्ह पुसली. फोटो, गाणी, अर्धवट प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं. वर मोडेमही चालेना. त्या काळच्या स्वस्त मोडेमांचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं, त्यामुळे लिनक्समध्ये ती मुकीच. इंटरनेट कसं चालू करायचं हे शोधायला इंटरनेट हवं, म्हणून सायबर कॅफेत जाऊन आज्ञांचे कागद छापून आणायचे. मैत्रीण आता नाशिकला असते. अजूनही फोनवर कॉम्प्युटरचा विषय निघाला की "तुझ्यावर माझी डी ड्राइव्ह आहे" म्हणते.

त्यामुळे 'सोपं' या शब्दाचा मला जरा धाकच आहे. चढवायला सोपं म्हणजे तासाभराचं सुख. तो तास माझा. त्यानंतरची वर्षं अण्णांची, आणि त्यांचा उजवा हात दहा वर्षं स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जातोय. उबुंटूत वर एक पट्टी, डावीकडे चिन्हांची रांग. मिंटच्या सिनॅमनमध्ये पट्टी खाली, मेनू त्याच डाव्या कोपऱ्यात. आतून मिंट उबुंटूवरच उभं आहे, आणि उबुंटू डेबियनवर. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांच्या अभ्यासानंतर माझा निर्णय झाला तो त्या एका कोपऱ्यावर. मिंटमध्येच एक्सएफसीई म्हणून हलकं रूप मिळतं, जुन्या यंत्राला ते बरं. पण मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, रॅम आठ केली, आणि दालचिनी घेतली.

चढवण्याचा दिवस रविवार. आदल्या रात्री अण्णांच्या सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, ती उघडून पाहिली, आणि पुन्हा एकदा उघडून पाहिली. डी ड्राइव्हचं भूत. पेनड्राइव्हवर मिंट लिहून घेतलं होतंच. कॉम्प्युटर सुरू करून एफ-१२ दाबायचं, तर दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा मी बटण दाबायच्या आधीपासूनच एफ-१२ वर बोट आपटत बसले, आणि हिरवा मिंट आला. डेस्कटॉप उघडला, वायफाय लागलं, आवाज आला.

"झालं?" अण्णा.

"नाही, अजून आत कुठे गेलोय. हे पेनड्राइव्हवरूनच चालतंय. पसंत नसेल तर काढून घ्यायचं, डिस्कला धक्का नाही."

"म्हणजे सध्या भाड्याने."

याहून चांगली व्याख्या मला कुठे वाचायला मिळाली नव्हती.

अण्णांनी भाडेकरूला तासभर पारखलं. ई-पेपर उघडला. प्रिंटर मी जोडायला जाईपर्यंत त्यालाच सापडला होता. मग मालकी हक्काचं ठरलं. भाषा, कीबोर्ड, 'डिस्क पुसून बसवा', आणि तिथे माझं बोट खरोखर थांबलं. नवी कोरी एसएसडी होती, पुसायला काही नव्हतंच, तरी थांबलं. पुढे जगाचा नकाशा आला. भारतावर टिचकी मारली तर खाली उमटलं कोलकाता. "आपण कलकत्त्याला कधी गेलो?" मी म्हटलं, भारतभराची वेळ या यंत्राला तिथूनच कळते. नाव, पासवर्ड, आणि वीस मिनिटांत काम संपलं. आईचा कुकर उतरायच्या आत.

खरी परीक्षा दुपारी. अण्णा ज्येष्ठ नागरिक संघाच्या नोटिसा टाइप करतात, जुन्या टाइपरायटरच्या कळांवर बेतलेल्या एका फॉन्टमध्ये. त्या फॉन्टात 'क' हा मुळात 'क' नसतोच. आत बसलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, त्याने मराठीचं सोंग घेतलेलं. वर्डच्या जागी असलेल्या लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली आणि सोंग उतरलं. मासिक सभेच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त वाईट असतं.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. जुन्या डिस्कवरून ती फॉन्टची फाइल आणली, दोनदा क्लिक केलं, 'इन्स्टॉल' म्हटलं. सभा परत आली, अध्यक्षांच्या नावातल्या रफारासकट. युनिकोडमध्ये, म्हणजे 'क' आतूनही 'क'च असतो तिथे, लिहायला मी त्यांना इनस्क्रिप्टची कळरचनाही लावून दिलीय, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी गमभनची सोयही आहे. पण बहात्तराव्या वर्षी बोटांची जागा बदलायला सांगणं मला जमलं नाही. लिहू देत त्यांच्या सोंगात.

राहिले पत्ते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आइलरायट घातला. त्यात पेशन्सचे ऐंशीहून अधिक प्रकार आहेत. अण्णांनी पहिला उघडला, क्लोंडाइक, तोच त्यांचा नेहमीचा. उरलेल्या प्रकारांकडे त्यांनी अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही.

शेजारचे एक काका लगेच विचारायला आले, आमच्याकडेही टाकून देतेस का. ते टॅलीवर हिशेब लिहितात आणि डिजिटल सहीची डोंगल वापरतात. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. टॅली विंडोजसाठीच बनतं, आणि सगळ्यांना मिंट पाजत सुटण्याची हौस मी हॉस्टेलवरच सोडून आले. काका जरा हिरमुसले.

परवा सकाळी अण्णांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. पलीकडे संघाचे चिटणीस असावेत.

"नाही हो, विंडोज काढलं. आता झारा आहे... झारा. झ-काना... नाही, नाही, तळायचा नव्हे!"