ऑलिम्पिक द्वीपकल्पाला आरव्हीतून वळसा : पावसाळी मुक्काम आणि टॉवेलांचा कुबट वास

ओरेगनच्या उत्तर टोकापासून १०१ नंबरचा हायवे धरून वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक द्वीपकल्पाला वळसा घालायचा, तर बहुतेक लोक जुलै-ऑगस्ट निवडतात. तेव्हा ऊन असते आणि कॅम्पग्राउंडात जागा मिळत नाही. आम्ही दोघे ऑक्टोबरच्या शेवटी निघालो. गर्दी नाही, जंगल हिरवेगार, समुद्र खवळलेला. ज्याला पाऊस आवडतो त्याने याच दिवसांत जावे असे माझे ठाम मत आहे. फक्त एक गोष्ट आधीपासून मनात ठेवून निघा. २१ फुटांच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, दोन माणसे राहतात, आंघोळी करतात, स्वयंपाक करतात, आणि बाहेर पाऊस थांबत नाही, तेव्हा सगळ्यात आधी टॉवेल आंबतात. ओल्या टॉवेलाचा तो कुबट वास मग उशांना लागतो, स्वेटरला लागतो, आणि गाडीचे दार उघडले की आधी तोच नाकात शिरतो. या वृत्तांतात प्रवास आणि टॉवेल दोन्ही आहेत, कारण या ऋतूत मुक्काम कुठे आणि किती करायचा हे आम्ही कपडे वाळण्याच्या हिशेबानेच ठरवले.

ओरेगनमधल्या हिल्सबरोहून २६ नंबरच्या रस्त्याने समुद्रापर्यंत आणि तिथून वर ॲस्टोरियापर्यंत, म्हणजे पहिला मुक्काम फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कात. १९०६ साली किनाऱ्याला लागलेल्या ‘पीटर आयरडेल’ जहाजाचा गंजलेला सांगाडा इथे अजून वाळूत उभा आहे, ओहोटीला पार जवळ जाता येते. आमच्या कामाची गोष्ट म्हणजे इथे विजेचे हुकअप, म्हणजे गाडीला वीज जोडायची सोय, आहेत आणि कॅम्पग्राउंडात गरम पाण्याची न्हाणीघरे आहेत. या सहलीत मी एकच सल्ला देऊ शकत असते तर हा दिला असता : जिथे पार्कचे न्हाणीघर आहे तिथे गाडीत आंघोळ करू नका. गाडीतल्या शॉवरची वाफ कुठे जात नाही, ती गादीत आणि टॉवेलात मुरते. पार्कात आंघोळ करा, अंग आधी हातानेच निपटून घ्या, टॉवेल तिथेच करकचून पिळा आणि झटकून मगच गाडीत आणा.

वास नेमका कशाचा, ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. २०१२ साली जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी या वासामागचा एक मुख्य जिवाणू दाखवून दिला, मोराक्झेला ऑस्लोएन्सिस. तो आपल्या अंगावरच्या तेलकटपणावर आणि घामावर जगतो आणि वासाचे एक आम्ल सोडतो. चिवट इतका की कापड वाळले तरी मरत नाही. म्हणूनच धुऊन वाळवलेला टॉवेल हुंगला तर स्वच्छ वाटतो, आणि तोंड पुसताक्षणी पुन्हा तोच वास येतो. अत्तर, सुगंधी पावडर, फवारे यांनी वास झाकला जातो, जिवाणू तिथेच राहतो. त्याला आवर घालायचे मार्ग दोनच : एकदा चांगल्या गरम पाण्याने त्याचा निकाल लावायचा, आणि नंतर टॉवेल इतका लवकर वाळवायचा की त्याला वाढायला वेळच मिळू नये.

लवकर वाळवण्यात कापडाची निवड अर्धे काम करते. हॉटेलात मिळतात तसे जाडजूड टॉवेल आरव्हीत आणूच नका. सोलापुरी टॉवेल घरी मला फार प्रिय आहेत, पण प्रवासात मी पातळ सुती पंचेच नेते, देशातून येताना दर वेळी आणलेले. पंचा अंग पुसायला पुरतो, पिळला की त्यातले बहुतेक पाणी निघून जाते, आणि पंख्याखाली दोन-अडीच तासांत खडखडीत वाळतो. जाड टॉवेल त्याच जागी दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलाच असतो. पंचा चालत नसेल तर तुर्की पद्धतीचे सपाट विणीचे टॉवेल किंवा वॉफल विणीचे घ्या. मायक्रोफायबरचे लवकर वाळतात हे खरे, पण अंगाचे तेल धरून ठेवतात आणि काही दिवसांनी वास मारू लागतात; ते मी भांडी आणि काचा पुसण्यापुरते ठेवते.

ॲस्टोरियाहून कोलंबिया नदीवरचा ॲस्टोरिया-मेग्लर पूल ओलांडला की वॉशिंग्टन राज्य लागते. १९६६ सालचा हा पूल चार मैलांहून थोडा लांब आहे. वारे जोराचे असेल तर उंच गाडी सावकाश हाका. पुढे विलापा बे, ॲबर्डीन, लेक क्विनॉल्ट करत कलेलॉकला पोचायला दिवस जातो. कलेलॉकचे कॅम्पग्राउंड समुद्राच्या अगदी कड्यावर आहे. इथून पुढे नॅशनल पार्कची हद्द, म्हणजे विजेचे हुकअप नाहीत, न्हाणीघर नाही. खरी परीक्षा इथून सुरू होते.

कलेलॉकच्या पहिल्या सकाळी उठलो तेव्हा खिडकीच्या काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते आणि खालच्या रबरी पट्टीत तळे साचले होते. स्वयंपाक झाला नव्हता, आंघोळ झाली नव्हती. ते पाणी आमच्या श्वासाचे. झोपलेली दोन माणसे रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. त्यात गॅसची भर. प्रोपेन जळताना पाणी तयार होते, एक किलो प्रोपेनमागे साधारण १.६ किलो. ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवणारे लोक आहेत. त्याने कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच, शिवाय गाडी आतून अक्षरशः भिजते. गाडीच्या फर्नेसचे, म्हणजे गाडीतच बसवलेल्या गॅसच्या हीटरचे, तसे नाही. त्याचे ज्वलन बंदिस्त असते आणि धूर-वाफ बाहेर जाते, आत येते ती फक्त कोरडी ऊब. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, पास्त्याचे पाणी, हे सगळे छताचा पंखा चालू ठेवून आणि भांड्यावर झाकण ठेवूनच करा.

आता पावसात खिडकी उघडायची की नाही, हा प्रश्न. दापोलीला आई फोनवर म्हणाली, “अगं खिडक्या लावून घे, बाहेरचा सगळा दमटपणा आत येतोय.” कोकणातल्या जुलैत आईचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. तिथे बाहेरची हवा २६ अंश आणि ९० टक्के दमट. ती आत घेऊन सोसवेल एवढी ऊब दिली तरी दमटच राहते. इथले गणित वेगळे आहे. बाहेर ८ अंश तापमान आणि ९५ टक्के दमटपणा असला, तरी थंड हवेत मुळात पाणी कमी मावते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा ४५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे बाहेर धो-धो पाऊस असतानाही बाहेरचीच हवा टॉवेल वाळवते, अट एवढीच की आत ऊब हवी. छताच्या पंख्यावर पावसाचे झाकण बसवून घ्या, तो बाहेर हवा फेकेल असा हळू वेगावर ठेवा, आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाची एक खिडकी बोटभर उघडा. फर्नेस मधून मधून चालू. ऊब वाया जाते असे वाटेल, प्रोपेन थोडा जास्त लागेलही, पण बंद गाडीत घातलेला पंचा आणि या हवेतला पंचा यात रात्र आणि दोन-अडीच तास इतका फरक पडतो.

दमटपणा मोजणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते, ते जरूर लावा. काटा ५० च्या खाली असेल तर निर्धास्त राहा, ६० च्या वर गेला की पंखा वाढवा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल शोषतात, पण त्यांचा उपयोग कपाटात आणि गादीखाली. ओला टॉवेल वाळवणे त्यांच्या आवाक्यातले नाही. हवेतली ओल ओढणारी छोटी यंत्रे, म्हणजे पेल्टिएर डीह्युमिडिफायर, तीही तशीच, दिवसभरात कपभर पाणी काढतात. हुकअप असेल तिथे कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर चालवा, तो खरे काम करतो, मात्र गाडी थंडगार असेल तर त्याच्या नळ्यांवर बर्फ धरते, म्हणून आधी गाडी गरम करा.

टॉवेल घालायची आमची जागा म्हणजे गाडीचे न्हाणीघरच. संडास आणि शॉवर एकाच कोठडीत, वर छोटा पंखा. कोठडीच्या दोन भिंतींमध्ये स्प्रिंगचा दांडा अडकवला आणि त्यावर पंचे पूर्ण पसरून, चिमटे लावून, एकमेकांना आणि भिंतीला न चिकटता. दाराच्या खुंटीवर टॉवेल टांगू नका. खुंटीपाशी घडी पडते, घडीत ओल राहते आणि वासाची सुरुवात तिथेच होते. बाहेर झाडाला दोरी बांधायला अनेक कॅम्पग्राउंडांत मनाई असते, आणि या जंगलात बाहेर काही वाळतही नाही.

कलेलॉकनंतरचा मुक्काम होह रेनफॉरेस्ट, म्हणजे इथले वर्षावन. त्याबद्दल लिहायला एक स्वतंत्र लेख हवा. वर्षाला १४० इंचांच्या आसपास पाऊस, सिटका स्प्रूसचे अजस्र बुंधे, आणि हॉल ऑफ मॉसेसच्या छोट्या पायवाटेवर मेपलच्या फांद्यांवरून लोंबणारे शेवाळाचे पडदे. पाऊण मैलाची वाट आहे, आम्ही ती भर पावसात दोनदा चाललो आणि पुन्हा गेलो असतो. होहचे कॅम्पग्राउंड २१ फुटांपर्यंतच्याच आरव्हीसाठी आहे, मोठी गाडी असेल तर मुक्काम बाहेर ठेवा. डिसेंबर २०२४ च्या पुरात इथे जाणारा रस्ता वाहून गेला होता आणि मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघाच. मुक्काम एक रात्र पुरे. दुसऱ्या रात्रीपर्यंत बॅटरी खाली येते, फर्नेसचा पंखा बॅटरीवरच चालतो, आणि ऊब गेली की वाळणेही थांबते.

होहनंतर फॉर्क्स गाव, आणि फॉर्क्समध्ये लाँड्रोमॅट, म्हणजे नाणी घालून कपडे धुण्याचे दुकान. क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांची, दहा डॉलरची सुरळी आधीच बँकेतून आणून ठेवा, सगळीकडे कार्ड चालत नाही. वास धरलेल्या टॉवेलांसाठी पद्धत अशी : मशीन अर्धेच भरायचे, पाणी सगळ्यात गरम, साबण नेहमीपेक्षा कमी, सोबत सोडियम परकार्बोनेट म्हणजे ऑक्सिजन ब्लीचची पावडर. ही पावडर गरम पाण्यातच नीट काम करते. वास फारच जुना असेल तर आदल्या रात्री घडीच्या बादलीत पावडर आणि ६० अंशांच्या आसपासचे पाणी घालून टॉवेल भिजत ठेवायचे, आणि ते पाणी गाडीच्या ग्रे टाकीत, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत, सोडायचे, जमिनीवर नाही. व्हिनेगर वापरायचे तर वेगळ्या धुण्यात, शेवटच्या खळबळण्यात अर्धा कप. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि लाँड्रोमॅट ही बंद जागा असते.

तिथे शेजारच्या मशीनवर एक वयस्कर बाई मासेमारीच्या बोटीवरचे कपडे धूत होत्या. आमच्या ड्रायरमध्ये हात घालून त्यांनी आधीच्या कुणाचा तरी विसरलेला सुगंधी कागद काढून टाकला आणि म्हणाल्या, “टॉवेलांना हे लागू देऊ नका, पाणी टिपायचे विसरतात.” अगदी खरे आहे. सॉफ्टनर आणि ड्रायरचे सुगंधी कागद धाग्यांवर मेणचट थर चढवतात. टॉवेल मऊ लागतो, पण पाणी कमी ओढतो आणि त्या थरात मळ धरतो. ड्रायर लावण्यापूर्वी जाळीवरचा कापूस काढा, टॉवेल पूर्ण वाळेपर्यंत क्वार्टर घालत राहा, आणि गरम असतानाच घडी करू नका. टेबलावर पसरून निवू द्या. गरम घडीत उरलेली वाफ आतच कोंडते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पुढे लेक क्रेसेंटच्या काठाचा वळणावळणाचा रस्ता, पोर्ट एंजेलिस, आणि मग स्क्विम. नकाशावर सेक्विम वाटेल असे लिहिलेले दिसेल. या गावासाठी दोन रात्री राखून ठेवाच. ऑलिम्पिक पर्वत पावसाचे ढग पश्चिमेला रिते करून टाकतात, म्हणून होहपासून सरळ रेषेत ४० मैलांच्या आसपास असलेल्या या गावात वर्षाला जेमतेम १६ इंच पाऊस पडतो. महाबळेश्वर आणि फलटण ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. इथे दुपारी ऊन पडले आणि आम्ही गाद्या उभ्या केल्या, कपाटांची दारे सताड उघडली, पंचे, चादरी, पायपुसणे, रेनकोट सगळे बाहेर काढले. घडीच्या स्टँडवर कपडे घालून जवळच डंजनेस स्पिटच्या वाळूवर फिरून आलो, परत येईपर्यंत सगळे कोरडे. गादीच्या खालची बाजू या वेळी हाताने चाचपून बघा. तिथे गारवा लागला तर फळीवर हवा खेळेल अशी जाळीदार चटई टाका. टॉवेल कितीही धुतले तरी गादी ओली असेल तर वास परत येतो.

परतीला हूड कॅनालच्या काठाने ऑलिंपिया आणि तिथून आय-५ महामार्ग पकडलात की पुन्हा पावसात शिरता. स्क्विम सोडण्यापूर्वी सगळे टॉवेल धुऊन वाळवून घ्या. माणशी एक पंचा वर ठेवा, बाकीचे कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात नको. आणि वापरलेला ओला पंचा गाडी चालू असतानाही कोंबून ठेवू नका. शॉवरच्या दांड्यावर पसरलेला असू द्या, वरचा पंखा चालू ठेवा. हिल्सबरोला पोचेपर्यंत तोही वाळतो.